पाळी थांबताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वय 46. आठ महिन्यांपासून पाळी कधी वीस दिवसांनी, तर कधी अडीच महिन्यांनी येते. रात्री छातीतून मानेकडे गरम वाफा चढतात, घामाने गाऊन भिजतो. एफएसएच (बीजकोशांना चालना देणारं हार्मोन) मात्र नॉर्मल आलं. मग हे काय आहे?

उत्तर: रिपोर्ट नॉर्मल असला तरी लक्षणं पाळी थांबण्याआधीच्या काळाचीच दिसतात. या दिवसांत बीजकोश कधी जोरात काम करतात, कधी मंदावतात, त्यामुळे एफएसएच महिन्यागणिक खाली-वर होतं. पंचेचाळिशीनंतर निदान वय आणि लक्षणांवरूनच करतात. पैसे खर्चायचेच तर टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि हिमोग्लोबिनवर खर्चा. थायरॉइडचं काम वाढलं तरी असाच घाम येतो.

इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं आणि जरासं ऊन झालं तरी अंगाला घाम फोडतं. झोप मोडत असेल तर सोसत बसू नका. वाफांवर हार्मोनइतकं गुणकारी औषध दुसरं नाही आणि साठीच्या आत, पाळी थांबून 10 वर्षं व्हायच्या आत सुरू केलं, तर बहुतेकींना त्याचा फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर आतलं अस्तर जाड होत जातं. स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी, पक्षाघात किंवा लिव्हरचा आजार झालेला असेल तर आधी सांगा. तेव्हा बिगर-हार्मोन गोळ्या देता येतात.

आणखी एक. पाळी लांबली म्हणजे दिवस राहत नाहीत असं नाही. पन्नाशीआधी पाळी थांबली तर पुढे 2 वर्षं, नंतर थांबली तर 1 वर्ष गर्भनिरोधक चालू ठेवा.

प्रश्न: वय 55. तीन वर्षं पाळी नाही. गेल्या आठवड्यात दोन दिवस डाग लागले. दुखत काहीच नाही. घरचे म्हणतात, उष्णता झाली असेल.

उत्तर: ताई, याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पाळी 12 महिने पूर्ण बंद राहिल्यानंतर लागलेला एकही डाग ‘पाळी परत आली’ म्हणून सोडायचा नसतो. बहुतेकदा कारण साधं निघतं: योनीमार्ग कोरडा पडलेला असतो किंवा आत एखादा पॉलिप (अस्तरावरची छोटी मऊ वाढ) असतो. पण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोगही असाच, न दुखता, डागांनीच कळतो आणि लवकर कळला तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो.

योनीमार्गातून सोनोग्राफी करून घ्या. अस्तर 4 मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल तर धोका फार कमी. जाड असेल, किंवा पातळ असूनही पुन्हा डाग लागले, तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवावा लागतो. पॅप तपासणीवर समाधान मानू नका. ती गर्भाशयाच्या तोंडाची असते, आतल्या अस्तराची नव्हे. मधुमेह असेल किंवा स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमोक्सिफेन चालू असेल तर आवर्जून सांगा.

आणि तुकड्याचा रिपोर्ट हातात येण्याआधी ‘पिशवीच काढून टाकू’ याला होकार देऊ नका. कर्करोग असेल तर शस्त्रक्रियेची आखणीच वेगळी असते, आणि नसेल तर कदाचित शस्त्रक्रियेची गरजच पडणार नाही.

प्रश्न: वय 51, पाळी दोन वर्षांपूर्वी गेली. सकाळी थायरॉइडच्या गोळीबरोबरच कॅल्शियमची 500 ची गोळी घेते. चालेल का?

उत्तर: नाही. कॅल्शियम थायरॉइडची गोळी शोषूच देत नाही. दोन्हींत 4 तासांचं अंतर हवं. थायरॉइडची गोळी उठल्यावर उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या, कॅल्शियम कार्बोनेट असेल तर दुपारच्या जेवणानंतर.

दिवसाची गरज 1200 मिलिग्रॅम. पाव लिटर दुधातून सुमारे 300 मिळतात, 50 ग्रॅम नाचणीच्या भाकरीतून पावणेदोनशेच्या आसपास. दूध, दही आणि नाचणी रोज पोटात जात असेल तर एक गोळी पुरते. दोन लागल्याच तर एकदम घेऊ नका, 500 पेक्षा जास्त एका वेळी नीट शोषलं जात नाही. पाळी पंचेचाळिशीआधी गेली असेल, स्टेरॉइड बरेच दिवस चालू असतील किंवा साध्या पडण्याने मनगट मोडलं असेल, तर डेक्सा तपासणी (हाडांची घनता मोजणारी) आताच करा. तिच्यातला टी-स्कोअर (हाडांच्या घनतेचा आकडा) उणे 2.5 किंवा त्याखाली आला, तर नुसत्या कॅल्शियमने भागत नाही, हाडांचं वेगळं औषध लागतं.