केमोच्या काळात नवऱ्याने रजा कोणत्या दिवसांसाठी राखावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पत्नीला स्तनाचा कर्करोग झाला आहे, पहिली केमो होऊन चार दिवस झाले आहेत, दर २१ दिवसांनी साताऱ्याहून परळच्या टाटा रुग्णालयात जायचे आहे, घरी शाळकरी मुलगी आणि वयस्कर आई आहेत, आणि नातेवाईकांचा आग्रह आहे की बिनपगारी रजा टाकून तुम्ही पूर्ण वेळ तिच्याजवळ बसावे. माझ्या पत्नीचे उपचार साधारण याच क्रमाने झाले, म्हणून लिहितो. पूर्ण वेळ बसण्याची आवश्यकता नाही; कोणत्या दिवसांत हजर असलेच पाहिजे, हे मात्र पक्के ठाऊक असले पाहिजे.

पहिले तीन-चार दिवस मळमळ, गळून जाणे आणि तोंडाची चव जाणे यांचे असतात. ते पाहवत नाहीत, परंतु त्यांवर औषधे दिलेली असतात आणि तेवढ्यापुरते आई किंवा मेहुणीही सांभाळू शकतात. मग आठवडाभरात ती उठून स्वयंपाकघरात येते, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि पाहुणे भेटायला निघतात. नेमक्या याच काळात, म्हणजे केमोनंतरच्या साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत, रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत खाली गेलेल्या असतात. संसर्गाशी लढायला पेशीच नसल्यामुळे सूज, पू किंवा खोकला दिसेलच असे नाही. कित्येकदा ताप हीच एकमेव खूण असते. म्हणून थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) दिसले की सकाळ होण्याची वाट पाहू नका, आणि डॉक्टरांशी बोलण्याआधी पॅरासिटामॉल देऊन ताप झाकू नका. पेशी उतरलेल्या असताना आलेल्या तापावर शिरेतून अँटिबायोटिक तातडीने सुरू करावे लागते आणि त्यात काही तासांचा उशीरही महागात पडतो.

तुमच्या बाबतीत अडचण अशी की मुंबई रात्री काही तासांच्या अंतरावर आहे. तेव्हा साताऱ्यातील कोणत्या रुग्णालयात रात्री सीबीसी (रक्तातील पेशी मोजण्याची तपासणी) होते आणि रुग्णाला लगेच दाखल करून घेतात, हे या आठवड्यातच प्रत्यक्ष जाऊन विचारून या. कोणती केमो कोणत्या तारखेला दिली आणि ताप आल्यास काय करावे, असे तुमच्या डॉक्टरांचे पत्र फाइलमध्ये सर्वांत वर लावून ठेवा. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टराला ‘व्हायरल असेल, गोळी द्या’ असे म्हणण्यापासून थांबवायचे असेल, तर तुमच्या सांगण्यापेक्षा त्या पत्राला अधिक वजन असते.

दुसरे काम रोजचा ताप आणि त्रास लिहून ठेवण्याच्या वहीचे. ते दुसऱ्या कोणावर सोपवू नये, असे माझे मत आहे. आमच्या वहीतील एक नोंद अशी होती: ‘दिवस ९. सकाळी ९८.४, संध्याकाळी ९९.२. थंडी नाही. डाव्या गालाच्या आत फोड. शौचास परवापासून नाही.’ ओपीडीत डॉक्टरांसमोर मिळणाऱ्या मोजक्या मिनिटांत ‘कसे वाटते?’ या प्रश्नाला आपल्याकडच्या बायका ‘बरे आहे’ असेच उत्तर देतात. वही तसे म्हणत नाही. उलटीवरच्या ऑन्डान्सेट्रॉनने बद्धकोष्ठ होते, हे आम्हाला त्या नोंदीमुळेच कळले आणि पुढच्या वेळी त्यावरचे औषध आधीपासून मिळाले. घरी मनाने एनिमा मात्र देऊ नका. पेशी कमी असताना तो धोक्याचा ठरतो.

काही गोष्टी आधीच सांगून ठेवल्या की घाबरगुंडी होत नाही. लाल रंगाचे औषध (डॉक्सोरुबिसिन) दिले असेल तर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे. त्या औषधाने केस साधारण दोन ते तीन आठवड्यांत गळू लागतात, म्हणून मुलीला आत्ताच सांगा आणि तिच्या आईनेच सांगितले तर अधिक चांगले. केस आधी बारीक करायचे की गळतील तसे गळू द्यायचे, हे पत्नीचे तिला ठरवू द्या. ‘सकारात्मक राहा’ हे वाक्य तिला दिवसभर ऐकावे लागणारच आहे. निदान तुम्ही ते म्हणू नका.

फोडणीच्या वासाने मळमळ होत असेल तर स्वयंपाक ती झोपेत असताना उरकावा आणि मऊ भात, पेज, उकडलेले अंडे असे वास नसलेले अन्न कोमट द्यावे. तोंड आले असेल तर मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगा. गव्हांकुराचा रस घेऊन कोणी ना कोणी येईलच. त्याच्याशी वाद न घालता ‘कच्चे काही द्यायचे नाही, डॉक्टरांनी बजावले आहे’ एवढेच सांगावे; ते खरेही आहे आणि त्याने कोणाचा मानही दुखावत नाही. प्रकृतीची विचारपूस करणाऱ्या फोनसाठी घरातील एकच माणूस नेमून टाका.

आता रजेविषयी. दर फेरीत केमोचा आणि प्रवासाचा दिवस, आणि दुसऱ्या आठवड्यात गावाबाहेरचे काम न घेण्याची मुभा, एवढे साहेबांशी बोलून ठरवा. बाकीची रजा राखून ठेवा, कारण पुढे रेडिएशन सांगितले तर ते सोमवार ते शुक्रवार रोज, साधारण तीन ते पाच आठवडे चालते आणि तेव्हा मुंबईत मुक्काम केल्यावाचून गत्यंतर नसते. राहण्यासाठी दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत आणि रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आत्तापासून चौकशी करा. त्याच विभागातून रेल्वे सवलतीचा फॉर्म भरून घ्या. उपचारासाठीच्या प्रवासात स्लीपर आणि थ्री-टायर एसीत रुग्णाचे भाडे पूर्ण माफ असते आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार कार्ड यांवरील तिचे नाव अक्षरशः जुळते का, ते मात्र आजच पाहा, कारण ती दुरुस्ती तहसीलमध्ये करावी लागली तर आठवडे जातात.