महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची आरोग्य जनजागृती मोहीम राष्ट्रीय अभियानात विलीन करावी का?

ठाण्यातील आपल्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी तीन वर्षे चालवलेली आरोग्य जनजागृती मोहीम आता एका राष्ट्रीय अभियानात विलीन करण्याचा प्रस्ताव आहे आणि त्यामुळे मोहिमेची ओळख पुसली जाईल का, असे आपण विचारले आहे. ओळख पुसली जाईल, आणि त्याचे फारसे दुःख करू नये. विद्यार्थ्यांच्या मोहिमेचे आयुष्य तसेही दोन-तीन वर्षांचे असते; राष्ट्रीय सेवा योजनेचे २४० तास भरले आणि शेवटच्या वर्षाच्या परीक्षा जवळ आल्या की ज्यांनी ती उभी केली तेच तिच्याकडे पाठ फिरवतात. तरीही हे उत्तर लांबणार आहे, कारण हाच प्रश्न २०१९ मध्ये आमच्यापुढे आला होता आणि आम्ही चार महिने भलत्याच मुद्द्यावर भांडलो.

मी ठाणे पूर्वेला कोपरीत वाढले. आमच्या मजल्यावरच्या एका मुलाला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागे. त्याचे आईवडील दोघेही धडधाकट होते. दोघेही थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक आहेत, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी तो मुलांना देऊ शकतात, हे त्यांना मुलाच्या आजारपणातच कळले. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात थॅलेसेमिया मेजरची, म्हणजे त्या मुलासारख्या गंभीर आजाराची, शक्यता २५ टक्के असते, आणि ही शक्यता लग्नाआधी एका रक्तचाचणीने ओळखता येते, एवढेच सांगण्यासाठी आम्ही सात जणांनी महाविद्यालयात मोहीम सुरू केली. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत वाहकांचे प्रमाण अधिक असल्यामुळे कोपरी आणि उल्हासनगरहून येणाऱ्या विद्यार्थ्यांना विषय समजावून सांगण्याची गरज नव्हती; प्रत्येकाच्या ओळखीत असे एक तरी घर होते. पहिल्या वर्षी २१२ जणांनी चाचणी करून घेतली आणि नऊ वाहक निघाले, त्यांत पाच मुलगे होते. नऊही जणांना आम्ही स्वतंत्र बोलावून, दार लावून घेऊन, समुपदेशकासमोर अहवाल दिला.

दुसऱ्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या आमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी मोहीम ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ या रक्तक्षयाविरुद्धच्या राष्ट्रीय अभियानाला जोडण्याचे ठरवले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. वर्षभर आम्ही चाचण्यांच्या पैशांसाठी राम मारुती रोडवरच्या दुकानदारांपुढे हात पसरत होतो, आणि अभियानाबरोबर हिमोग्लोबिन मोजण्याची डिजिटल यंत्रे, लोहाच्या गोळ्या आणि प्रशिक्षित कर्मचारी येणार होते. माझा वर्गमित्र, जो या मोहिमेचा सहप्रमुख होता, तो मात्र पिसाळला. आमचे नाव, आमचे पिवळे बॅनर आणि आम्ही काढलेले बोधचिन्ह जाणार, यावर त्याने प्राचार्यांपर्यंत धाव घेतली. मीही त्याच्या बाजूने भांडले, याची मला आजही लाज वाटते, कारण बॅनरवर नजर खिळलेली असताना अहवालाचे प्रपत्र आम्हांपैकी एकानेही वाचले नाही.

त्या प्रपत्रात चार रकाने होते: तपासलेले, रक्तक्षय आढळलेले, गोळ्या दिलेले, संदर्भित केलेले. वाहक ओळखणाऱ्या आमच्या एचबीए-टू चाचणीसाठी रकाना नव्हता, आणि जे प्रपत्रात नाही ते शिबिरात होत नाही. हिमोग्लोबिन बोटाला टोचून मिनिटभरात कळते; आमच्या चाचणीला जांभळ्या झाकणाच्या नळीत शिरेतून रक्त घ्यावे लागे, अहवालाला दिवस लागत आणि त्यानंतर माणसाला दुसऱ्यांदा भेटावे लागे. एका दिवसात शिबिर उरकून संख्या कळवायची असेल तर ती दुसरी भेटच आधी गळते, आणि आमची सगळी मोहीम त्या दुसऱ्या भेटीत होती. त्याहून वाईट म्हणजे मुलगे रांगेतूनच गेले. अभियानाचे लाभार्थी गट सहा असून त्यांत १० ते १९ वर्षांचे किशोर बसतात, पण त्यापुढच्या वयातले पुरुष बसत नाहीत. पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलाला ‘तुझे काम नाही’ असे सांगून परत पाठवताना मी स्वतः पाहिले आहे, आणि थॅलेसेमियाच्या हिशेबात त्याचा वाटा बरोबर निम्मा असतो.

कळव्याची एक मुलगी त्या शिबिरात आली होती. हिमोग्लोबिन १०.६ निघाले, स्त्रियांसाठीच्या १२ च्या मर्यादेखाली, म्हणून तिला तीन महिन्यांच्या लोहाच्या गोळ्या मिळाल्या. तिने त्या निष्ठेने घेतल्या. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.७. पुढच्या वेळी तिला ‘गोळ्या बुडवल्यास ना?’ असे विचारले गेले, आणि ती रडत माझ्याकडे आली. तिची सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, पाहिली तर एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ६१ आणि लाल पेशी ५.६ दशलक्ष; पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागून उत्तर १३ च्या खाली आले की लोहाच्या कमतरतेऐवजी थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे वाहक असण्याचा, संशय घ्यावा, हे तोपर्यंत मला तोंडपाठ झाले होते. एचबीए-टू ५.१ टक्के आले; ती वाहक होती. निदान तिचे हिमोग्लोबिन तरी कमी होते. पहिल्या वर्षीच्या आमच्या नऊ जणांपैकी तिघांचे हिमोग्लोबिन मर्यादेच्या वर होते, म्हणजे या शिबिरात त्यांची नोंद ‘निरोगी’ अशी झाली असती.

चाचणी गळण्याचा दोष अभियानाच्या आराखड्यात नव्हता, हे मी आवर्जून लिहिते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या अभियानाच्या सहा उपाययोजनांपैकी सहावी उपाययोजना नेमकी मलेरिया, हिमोग्लोबिनचे आनुवंशिक विकार आणि फ्लोरोसिस (जादा फ्लोराइडमुळे होणारा आजार) अशा पोषणेतर कारणांसाठीच आहे. आम्ही ते कलम दाखवून ‘आमची चाचणी या उपाययोजनेखाली घ्या आणि पाचवा रकाना जोडा’ असे लेखी मागितले असते तर बहुधा नकार मिळाला नसता. आम्ही बोधचिन्ह मागत बसलो. माझा मित्र आजही म्हणतो, “अगं, नाव गेलं तिथेच सगळं गेलं.” मी त्याला सांगून थकले की नाव टिकूनही चाचणी गेली असती तर उरले असते ते पिवळे कापड.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर आपला विषय कोणता यावर बरेच अवलंबून आहे. मोहीम सिकलसेलविषयी असेल तर विचार न करता सामील व्हा, कारण १ जुलै २०२३ पासूनच्या राष्ट्रीय निर्मूलन मोहिमेत आदिवासीबहुल भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या स्त्री-पुरुष सर्वांची तपासणी हेच मुख्य काम आहे. क्षयरोगाविषयी असेल तर स्वतंत्र राहण्यात काहीच अर्थ नाही. निदान आणि औषधे दोन्ही शासनाकडे आहेत, आणि विद्यार्थ्यांनी ‘निक्षय मित्र’, म्हणजे क्षयरुग्णांचे मदतनीस, म्हणून त्यांच्या पोषण आहाराचा भार उचलावा. केवळ भित्तिपत्रके आणि प्रभातफेऱ्या असतील तर विलीन झाल्याने काही बिघडत नाही. चाचणी, गोपनीय अहवाल आणि दुसरी भेट असे काही आपण करत असाल, तरच सही करण्यापूर्वी प्रपत्र मागवून घ्या आणि दुसऱ्या भेटीसाठी फोन कोण करणार त्या व्यक्तीचे पद लिहून घ्या.

आणखी दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. वाहकांची नावे असलेली यादी कोणत्याही अहवालाला जोडू नका, फक्त संख्या द्या; आपल्याकडे ती यादी लग्नाच्या बैठकीपर्यंत पोहोचते आणि भोगावे मुलींना लागते. आणि कळव्याच्या मुलीची हकीकत वाचून कोणी लोहाच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत: वाहक व्यक्तीलाही लोहाची कमतरता असू शकते, त्या कमतरतेमुळे एचबीए-टूचा आकडा खोटा कमीही दिसू शकतो, म्हणून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा घटक) तपासून डॉक्टरांनीच ते ठरवायचे असते. आम्ही पहिल्या वर्षी फेरिटिन तपासले नव्हते, त्यामुळे आमचे नऊ हे खरोखर नऊच होते का, हे मला आज छातीठोकपणे सांगता येत नाही.