पॉलिसीवर कर्ज काढून एलपींचा संग्रह घ्यावा का?

प्रश्न : माझे वय ४६ आहे. पत्नी घर सांभाळते, दोन मुले शाळेत आहेत. पंधरा वर्षांपासून मी पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या जुन्या एलपी, म्हणजे लाँग-प्ले तबकड्या, जमवतो. एका वृद्ध संग्राहकाच्या १४० एलपी एकगठ्ठा मिळत आहेत. किंमत आमच्या आठ महिन्यांच्या घरखर्चाएवढी आहे. माझ्या विमा पॉलिसीवर ९ टक्क्यांनी तेवढे कर्ज मिळते. एलपींचे भाव वाढतच असल्याने पाच वर्षांनी काही विकून कर्ज फेडता येईल. हा व्यवहार करावा का? विम्याची चिंता नाही, ही पॉलिसी आहेच. तिचा तपशील आणि एलपींची यादी सोबत जोडली आहे.

उत्तर : हा संग्रह कर्ज काढून घेऊ नका. मात्र तुमच्या पत्रातले मला सर्वांत अस्वस्थ करणारे वाक्य एलपींविषयीचे नाही, ते ‘विम्याची चिंता नाही’ हे आहे.

पॉलिसीचा तपशील मी दोनदा वाचला. हिशेब सोपा राहावा म्हणून सगळे आकडे तुमच्या महिन्याच्या घरखर्चात मांडतो. वर्षाला १ महिन्याच्या खर्चाएवढा हप्ता तुम्ही २० वर्षे भरणार, म्हणजे एकूण २०, आणि अखेरीस बोनससह सुमारे ३३ मिळणार. एजंटने याला ‘दीडपटीहून जास्त’ म्हटले असेल, पण वर्षाचा परतावा जेमतेम साडेचार टक्के पडतो. त्याहून गंभीर बाब अशी की आज तुमचे काही बरेवाईट झाले, तर जमा बोनस धरूनही घरच्यांच्या हाती सुमारे २९ महिन्यांचा खर्च येईल. धाकट्या मुलाला कमावते व्हायला निदान दहा वर्षे आहेत आणि पत्नीचे पुढचे आयुष्य त्यानंतरही आहे; दीडशे महिन्यांपेक्षा कमी संरक्षण मी तुमच्या घराला पुरेसे म्हणणार नाही. विमा आणि गुंतवणूक एकाच वेष्टणात बांधून दोन्ही अपुरे देणारी अशी पॉलिसी एकट्या कमावत्या माणसाला विकणे मला अक्षम्य वाटते, आणि चौदा हप्ते भरून होईपर्यंत हे तुम्हाला कोणी सांगितले नाही, याचा मला संताप येतो.

आता त्यावर कर्जाचा भार ठेवून पाहा. मृत्यूनंतरच्या रकमेतून थकीत कर्ज आणि व्याज आधी वळते होते. म्हणजे कर्ज घेतलेल्या दिवशीच २९ चे २१ होतात. पाच वर्षे काहीच फेडले नाही तर कर्जाचे ८ व्याजासह १२ च्या वर जातात.

विकून फेडण्याच्या आशेचेही तसेच आहे. व्यापारी आपला नफा ठेवून घेतो. तो बाजारभावाच्या निम्मे देईल असे धरले, तर सगळाच संग्रह विकून कर्ज फिटण्यासाठी भाव पाच वर्षांत तिप्पट व्हायला हवा. तुम्ही तर त्यातल्या ‘काही’च विकणार आहात.

शिवाय यादीतल्या सगळ्या एलपी एका मापाने मोजता येत नाहीत. १९५८ मध्ये सुरू झालेल्या डेक्का कंपनीच्या एसएक्सएल मालिकेच्या पहिल्या प्रेसिंगना, म्हणजे साच्यातून काढलेल्या पहिल्या खेपेच्या प्रतींना, मान आहे, तो रास्तही आहे. पण तुमच्या यादीत मालिकेचे क्रमांक आहेत, प्रेसिंग नाहीत. तीच ध्वनिमुद्रणे पुढे वेगळ्या लेबलांवर पुन्हा पुन्हा निघाली. लेबलाची रचना आणि लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स (साच्याचा) क्रमांक पाहिल्याशिवाय कोणती कधीची हे ठरत नाही. वाद्यवृंद-संचालक कारायानने बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह केलेला बेथोव्हेनच्या नऊ सिंफनींचा १९६३ चा संच ऐकायला उत्तम आहे, परंतु तो इतक्या मोठ्या संख्येने खपला की दुर्मीळ म्हणून त्याला भाव येत नाही. यादीचा जवळजवळ निम्मा भाग अशाच संचांचा आहे.

आणि अवस्था? तबकडी मिनिटाला ३३⅓ वेळाच फिरते, पण कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलाजवळ २० ते २५. तेवढ्या थोड्या लांबीत तोच आवाज कोंबलेला असतो, आणि सिंफनीच्या अखेरीस सगळा वाद्यवृंद एकवटतो तो नेमका तिथेच. जुन्या जड सुईने झीज केली असेल तर पहिली दहा मिनिटे निर्मळ वाजणारी बाजू शेवटी फाटल्यासारखी करकरते. वरवर चकाकणाऱ्या तबकडीत हे डोळ्यांना दिसत नाही. मी स्वतः जुनी एलपी घेताना सुई आधी शेवटच्या पाच मिनिटांवर ठेवतो.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी ६० वर्षे वयापर्यंतचा, दीडशे महिन्यांच्या खर्चाएवढा साधा टर्म इन्शुरन्स घ्या. मुदत संपल्यावर त्यातून काही परत मिळत नाही, म्हणूनच तो तुलनेने स्वस्त असतो. अर्जात प्रकृतीची कोणतीही बाब लपवू नका. ती पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनीचा हप्ता चुकवू नका. मग विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा : आज बंद केली तर मिळणारी रक्कम, आणि हप्ते थांबवून पेड-अप केली (म्हणजे कमी रकमेवर तशीच चालू ठेवली) तर मुदतीअखेर मिळणारी रक्कम. सहाच हप्ते उरले असल्याने ती पुढे चालू ठेवणेही फायद्याचे ठरू शकते. हे त्या आकड्यांवरून ठरवू, रागाच्या भरात नव्हे. तुमची बचत तीन महिन्यांची आहे, ती सहावर न्या.

संग्रह पाहायला जरूर जा. मालकांना एकगठ्ठाच विकायचा असेल तर नमस्कार करून परत या. सुट्या एलपी देणार असतील, तर शेवटपर्यंत ऐकून त्यांतल्या दहा-बारा निवडा आणि पुढच्या वर्षभरात पगारातून, एकूण एका महिन्याच्या खर्चाच्या आत, त्या घ्या. त्या घरी आल्यावर मॅट्रिक्स क्रमांक, अवस्था आणि दिलेली किंमत एका वहीत लिहून ठेवा, आणि ती वही कुठे आहे हे पत्नीला सांगा.