पॉवर स्टिअरिंग जड झालं की त्याच्या पंपाकडे शेवटी वळा

प्रश्न : माझ्याकडे २००५ सालची फोर बाय फोर डिझेल गाडी आहे. सोसायटीच्या आवारात गाडी लावताना स्टिअरिंग जड लागतं आणि पुढून ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो, पॉवर स्टिअरिंगचा पंप (बेल्टवर फिरून तेलाच्या दाबाने स्टिअरिंग हलकं करणारा) बदला. पंपच गेलाय हे कसं ओळखायचं? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : पंपाचे पैसे मोजण्याआधी अर्धा तास काढा. पुढच्या टायरांमधली हवा बघा. फोर-व्हीलचा लीव्हर टू-व्हीलवर आहे ना, तेही बघा. पार्ट-टाइम फोर बाय फोर गाडी कोरड्या डांबरावर ४-हायमध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या स्थितीत) वळवली की पुढचा-मागचा एक्सल एकमेकांशी झगडतात आणि स्टिअरिंग जड होतं. त्यात पंपाचा काही दोष नसतो.

मग इंजिन बंद ठेवून पुढची बाजू जॅकने उचला, खाली घोड्या (आधाराचे स्टँड) लावा आणि स्टिअरिंग हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. अडकत असेल तर स्टिअरिंग शाफ्टचा गंजलेला क्रॉस (सांधा) किंवा किंगपिनचं (ज्यावर चाक वळतं त्या पिनचं) बेअरिंग तपासा. इंजिन चालू असताना एकाच बाजूला जड लागत असेल तर शंका स्टिअरिंग बॉक्सवर (चाकं वळवणाऱ्या गिअरच्या पेटीवर) घ्या, कारण पंप दोन्ही बाजूंना सारखाच दाब देतो. दोन्हीकडे जड, पण रेस दिली की हलकं, अशी तऱ्हा असेल तर बेल्ट घसरतोय किंवा पंप झिजलाय.

आवाजाचं पहिलं कारण बहुतेक वेळा हवा असते. पंपाच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडा. तेलावर फेस दिसला तर टाकीकडून पंपाकडे येणारा जाड रबरी पाइप बघा. वीस वर्षांत तो कडक होतो आणि क्लिपखाली चिरतो. गंमत अशी की इंजिन चालू असताना तिथून तेल ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून ‘लीकेज नाही’ म्हणून मेकॅनिक तो सोडून देतात. टाकीच्या तळाची जाळी चोंदली तरी पंप असाच ओरडतो. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. मुंबईत हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर पावसाळ्यानंतर हे एकदा जरूर बघावं.

पाइप, जाळी, बेल्ट ठीक, तेल नवं, हवा काढलेली आणि तरीही आवाज, शिवाय जुन्या तेलात चमकणारा चुरा असेल, तर पंप गेला असं समजा.

प्रश्न : पंप घरच्या घरी बदलता येईल का? काय काय आणून ठेवू? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : येईल. पंपाखेरीज नवा बेल्ट, तेलाला टिकेल असा सक्शन पाइप (टाकीकडून पंपाकडे येणारा), त्याच्या २ क्लिपा, बँजो बोल्टचे (दाबाचा पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) २ नवे तांब्याचे वायसर आणि ३ लिटर तेल आणा. सिस्टिममध्ये साधारण लिटरभरच मावतं, बाकीचं धुण्यासाठी लागतं. जुन्या गाड्यांत बहुधा डेक्सरॉन जातीचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) असतं, पण टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घ्या. ब्रेक ऑइल चुकूनही नको. त्याने सगळे सील फुगतात.

नवा पंप जुन्याशेजारी ठेवून शाफ्टची जाडी, फिरण्याची दिशा आणि पाइपांची तोंडं जुळवा. मगच बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. टाकीतलं तेल सिरिंजने उपसा आणि पंपाखाली अल्टरनेटर असेल तर त्यावर प्लास्टिक बांधा. पुलीला मधोमध नट असेल तर तो बेल्ट असतानाच सैल करा, बेल्ट निघाल्यावर पुली हातात फिरत राहते. नटाशिवाय दाबून बसवलेली पुली पुलरनेच (खेचून काढायच्या हत्यारानेच) काढायची आणि नव्या पंपावर तेवढ्याच खोलीवर बसवायची. हातोडी मारली की नव्या पंपाचं बेअरिंग खोक्यातच संपलं म्हणा. पुली जरा पुढे-मागे बसली तरी बेल्ट कडेने झिजत जातो.

पंप बसवला तरी रिटर्न पाइप (स्टिअरिंग बॉक्सकडून तेल टाकीत परत आणणारा) अजून टाकीला जोडू नका, आधी सगळं धुवून घ्या. हीच धुण्याची पायरी लोक वगळतात. जुन्या पंपाचा चुरा स्टिअरिंग बॉक्समध्ये आणि पाइपात बसलेला असतो. तो पहिल्याच दिवशी नव्या पंपात जातो आणि महिन्याभरात पुन्हा तोच आवाज. टाकीही काढून धुवा, जाळी निघत नसेल तर टाकीच बदला. रिटर्न पाइप बाटलीत सोडा, टाकीचं ते तोंड बूच लावून बंद करा, पंपाच्या तोंडातून थोडं तेल घालून शाफ्ट हाताने फिरवा. टाकी भरा आणि पुढची चाकं जॅकने उचलून, घोड्यांवर ठेवून, इंजिन बंद असताना स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवत राहा. टाकी रिकामी होऊ न देता, बाटलीत स्वच्छ तेल येईपर्यंत.

आता पाइप जोडा. इंजिन बंद ठेवूनच आणखी १५-२० वेळा सावकाश फिरवा, बुडबुडे थांबले की इंजिन चालू करा. फेस आला तर लगेच बंद करून अर्धा तास थांबा. रेस देऊन हवा निघत नाही, ती तेलात आणखी मिसळते. स्टिअरिंग टोकाला ५ सेकंदांहून जास्त दाबून धरू नका. तिथे रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) उघडतो आणि तेल भराभर तापतं. बेल्ट आठवड्याने पुन्हा ताणून बघा, नवा बेल्ट सैल पडतोच.

प्रश्न : कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना पंप स्वस्तात मिळतो. घ्यावा की आपल्याच पंपात सील किट (नव्या सीलांचा संच) टाकावं? (एक वाचक, चेंबूर)

उत्तर : फक्त शाफ्टमधून तेल गळत असेल, आवाज नसेल, तर सील किट पुरतं. पंप उघडल्यावर आतल्या रिंगला ओरखडे दिसले तर किटवर खर्च करू नका. जुना घ्यायचाच तर तोंडांना बुचं लावलेला घ्या. पावसात उघडा पडलेला पंप आतून गंजतो आणि ते बाहेरून कळत नाही. शाफ्ट हाताने फिरवा, बाजूला हलवून बघा, आतल्या तेलाचा वास घ्या. जळका वास आला की परत ठेवा. आणि दिसायला सारखा असला तरी दुसऱ्या मॉडेलचा पंप नको, दोघांचा दाब वेगळा असू शकतो.