लेकीचं असं नाव कोण ठेवतं?

प्रश्न : मुलीकडे ह्यूस्टनला गेले होते, तेव्हा ‘बायू बेंड’ हे जुनं घर पाहिलं. मालकीण आयमा हॉग. मनोरुग्णांसाठी त्या झटल्या, निवडणूकही जिंकल्या, असं कळलं. हा श्रीमंतांचा वेळ घालवायचा उद्योग नव्हे ना? आणि ते नाव खरंच तसं होतं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाव ऐकून मीही फिस्सकन हसले होते. इंग्रजीत भरभर म्हटलं की ‘आय ॲम अ हॉग’, म्हणजे ‘मी डुक्कर आहे’, असंच ऐकू येतं. काकांच्या एका काव्यातल्या नायिकेचं ते नाव, १८८२ साली ठेवलेलं. आईचे वडील राहायचे पंधरा मैलांवर. कळताच विरोध करायला धावत आले, तोवर बारसं उरकलेलं! बाई पुढे सहीच अशी गिरगटायच्या की पहिलं नाव वाचता येऊ नये.

वडील जिम हॉग १८९१ ते १८९५ टेक्सासचे गव्हर्नर. वेड्यांची सरकारी इस्पितळं पाहायला जाताना लेकीला सोबत न्यायचे. पैसा नंतरचा. वेस्ट कोलंबियाची जमीन पंधरा वर्षं विकू नका, असं ते मृत्युपत्रात लिहून गेले आणि तिथं तेल लागलं. (ती जमीन म्हणजे एके काळी गुलामांनी राबून पिकवलेला उसाचा मळा. बायू बेंडमधली चांदीची भांडी बघताना मला ते आठवतंच.) घरात तेलाचा पैसा येऊ लागला त्याच सुमारास, १९१८ च्या अखेरीस, आयमाबाई नैराश्यानं खचल्या. दोन वर्षं फिलाडेल्फियात उपचार चालले. ते त्यांना परवडले. गरिबाच्या वाट्याला वडिलांसोबत पाहिलेलं तेच इस्पितळ. म्हणून तुमचा ‘उद्योग’ हा शब्द मला पटत नाही.

१९२९ मध्ये त्यांनी ह्यूस्टनला मनानं अडचणीत असलेल्या मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र काढलं. भाऊ विल यांच्या वारशातून १९४० मध्ये टेक्सास विद्यापीठात मानसिक आरोग्यासाठी हॉग फाउंडेशन उभं राहिलं. तिथं खाटा टाकल्या नाहीत. सुरुवातीला तर वक्तेच गावोगाव जाऊन मनाच्या आरोग्यावर बोलायचे.

निवडणूक १९४३ ची, ह्यूस्टनच्या शाळा मंडळाची. बाई असो वा पुरुष, काळा असो वा गोरा, शिक्षकाला पगार सारखाच हवा, यासाठी त्या तिथं भांडल्या.

पुढच्या खेपेला मार्चमध्ये या, बागेत अझेलिया फुललेला असतो. आणि कुणी ‘यूरा’ (यूरा हॉग, म्हणजे ‘तू डुक्कर आहेस’!) नावाच्या बहिणीची गोष्ट सांगितलीच, तर ती थाप आहे. बाईंना भाऊ तेवढे होते, तिघे.