काळी जमीन सौर प्रकल्पाला देऊ नका, बरड द्यायची तर कागद पक्का करा

प्रश्न (शिंदखेडा तालुका, जि. धुळे): गावशिवारात सौर प्रकल्पासाठी जमीन भाड्याने मागत आहेत. माझी 6 एकर त्यात येते. 4 एकर काळी, विहिरीखालची. 2 एकर बरड, म्हणजे खडकाळ-हलकी. निम्मं गाव विरोधात आहे. शेजाऱ्याने दिली तर कुंपणामुळे माझ्या शेतात पाणी तुंबेल, ही भीती वेगळीच. काय करू?

उत्तर: भाऊ, काळी 4 एकर देऊ नका. सपाटीकरणात वरची माती खरवडली जाते, बांध मोडतात. 25-30 वर्षांनी जमीन हातात आली, तरी तो कस लगेच परत येत नाही. गावाच्या विरोधातली ही बाजू मला पूर्ण पटते.

बरड तुकड्याला मात्र माझी हरकत नाही. दिवसा वीज द्या, ही मागणी आपलीच. रात्री-अपरात्री पाणी भरायला जाणं किती जिवावरचं, हे तुम्हाला सांगायला नको. प्रकल्प मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 (शेतीला दिवसा सौर वीज देणारी राज्याची योजना) मधला असेल, तर हेक्टरी वर्षाला किमान 1,25,000 रुपये भाडं आणि दरवर्षी 3 टक्के वाढ ठरलेली आहे. म्हणजे एकरी सुमारे 50,000. एजंट याखाली बोलला तर सही करू नका.

आपल्याच तालुक्यातल्या विखरणचे धर्मा पाटील आठवा. वीज प्रकल्पासाठी सरकारने घेतलेल्या, आंब्याची झाडं असलेल्या 5 एकरांचे त्यांना जेमतेम 4 लाख मिळाले. दाद मागता मागता 22 जानेवारी 2018 ला त्यांनी मंत्रालयात विष घेतलं, 28 तारखेला ते गेले. ते भूसंपादन होतं, तुमचा भाडेपट्टा आहे. पण झाड, विहीर, पाइपलाइन कागदावर नसली की भांडायला आधार उरत नाही, हे दोन्हीकडे सारखंच. म्हणून ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवताना) बांधावरचं झाडसुद्धा सोडू नका.

पाण्याचं म्हणाल, तर नैसर्गिक प्रवाह अडवला गेल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा लावता येतो. मुदत अडवल्यापासून 6 महिनेच आहे. त्यामुळे चर-नाल्याचे फोटो आजच, कुंपण पडण्याआधी काढून ठेवा.

भाडेपट्टा दुय्यम निबंधकांकडे नोंदवूनच करा. मुदत संपल्यावर खांब आणि काँक्रीट कंपनीने स्वखर्चाने काढायचं, आणि कंपनीच्या कर्जाचा बोजा तुमच्या सातबाऱ्यावर चढवायचा नाही, ही दोन कलमं त्यात हवीतच. जमीन ताब्यात देण्याआधी बरड तुकड्याचा माती नमुना तपासून घ्या आणि तो अहवाल कराराला जोडा.