नाव बदललं तर सातबाऱ्यावरचा हिस्सा जातो का?

माण तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. शाळेच्या दाखल्यावर त्यांचं नाव ‘नकुसा’, आधारवर ‘नकुशा’. तिघी बहिणींच्या पाठीवर चौथी मुलगीच झाली म्हणून ठेवलेलं. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने दुसरं नाव लिहिलं, पण ते कागदावर कधी आलं नाही. आता त्यांना स्वतः निवडलेलं नाव लावायचं आहे. आई म्हणते, ‘त्या नावानंच तुझ्या पाठीवर भाऊ आला, ते टाकू नको.’ भाऊ म्हणतो, नाव बदललं की सातबाऱ्यावरची नकुसा वेगळी बाई ठरेल, पुढं भानगड नको; आधी दहिवडीला ये, दुय्यम निबंधकासमोर एका कागदावर सही कर, बाकीचं मी बघतो.

ताई, सगळ्यात आधी ती सही थांबवा. नाव बदलायच्या कुठल्याही टप्प्यावर दुय्यम निबंधकासमोर उभं राहावं लागत नाही. तिथं बोलावलंय म्हणजे तो कागद बहुधा हक्कसोडपत्राचा असणार, कारण जमिनीतला हिस्सा सोडायचा तर दस्त नोंदवावाच लागतो. वाचल्याशिवाय अंगठाही देऊ नका.

हिस्सा माणसाला मिळतो, नावाला नव्हे. 1956 चा हिंदू वारसा कायदा आणि त्यातली 2005 ची दुरुस्ती पाहता तुमचा हक्क भावाइतकाच आहे, तुम्हाला कुठल्याही नावानं हाक मारली तरी. नावबदल छापून आलेलं सरकारी राजपत्र हातात आलं की त्याची प्रत जोडून गावच्या तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) अर्ज द्या. फेरफार होऊन सातबाऱ्यावर नवं नाव चढेल. हिस्सा होता तेवढाच राहील.

आता नावाबद्दल. जिग्या यादव विरुद्ध सीबीएसई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 3 जून 2021 रोजी स्पष्ट केलं की आपलं नाव आपल्या मर्जीनं लावणं हा अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा भाग आहे. तुम्ही सज्ञान आहात. आईची, भावाची, नवऱ्याची, कुणाचीच संमती लागत नाही. सासरचं तांदळातलं नाव घेतलंच पाहिजे असं नाही, नवऱ्याचं आडनावसुद्धा सक्तीचं नाही.

2011 मध्ये सातारा जिल्हा परिषदेने 285 नकोशींना नवी नावं दिली, तेव्हा तुम्ही शिकायला पुण्याला मामाकडे होता आणि राहून गेलात, असं लिहिलंत. त्यानं काही बिघडलेलं नाही. ज्या रस्त्यानं कुणीही नाव बदलतं तो तुम्हालाही खुलाच आहे.

अर्ज शासकीय मुद्रण संचालनालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करायचा. बदल राजपत्राच्या भाग दोनमध्ये छापून येतो. जुन्या नावाच्या रकान्यात दाखल्यावरचं ‘नकुसा’ जसंच्या तसं लिहा, आणि आधारवरची ‘नकुशा’ म्हणजे मीच, हे प्रतिज्ञापत्रात वेगळं नमूद करा. एका अक्षराच्या फरकावरून पुढं बँकेत फार हेलपाटे होतात. राजपत्रानंतर पहिलं आधार, मग पॅन, मग बँक. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून आडनाव माहेरचं की सासरचं हे आधीच पक्कं करून एकाच अर्जात उरका.

दहावीचा दाखला मात्र बदलायला जाऊ नका. शाळा सोडल्यावर रजिस्टरमधलं नाव उघड चूक असल्याशिवाय बदलत नाहीत, आणि तुमच्या बाबतीत चूक कुणाचीच नव्हती, नाव तेच होतं. दाखल्यामागे राजपत्राची प्रत लावली की बहुतेक ठिकाणी काम होतं.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली: ‘माझ्या मुलीच्या नावात माझं हे नाव जाणार.’ 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव मूल, आई, वडील, आडनाव या क्रमानं लिहायचं आहे आणि तुमची लेक त्यानंतरची आहे. तिच्या शाळाप्रवेशाच्या आत तुमचं राजपत्र झालेलं असणं म्हणूनच महत्त्वाचं. तिच्या जन्मदाखल्यावरच्या आईच्या नावासाठी जन्म-मृत्यू निबंधकाकडे अर्ज करा, पण ‘तेव्हा चुकून लिहिलं गेलं’ असं प्रतिज्ञापत्र देऊ नका, कुणी कितीही सोपं आहे म्हणालं तरी. ते खोटं ठरेल. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम 15 चुकीच्या नोंदीसाठी आहे, त्यामुळे कारकून अडून बसण्याची शक्यता आहे. झालेला बदल खरा सांगा, राजपत्र जोडा, अर्जाची पोच घ्या. नकार तोंडी आला तर लेखी मागा. लेखी नकारावर पुढं दाद मागता येते.

आईंचा प्रश्न कायद्याचा नाही, तरी माझं मत सांगते. चौथ्या लेकीच्या वेळी त्या घरात त्यांना किती ऐकावं लागलं असेल! ते नाव त्यांनी एकट्यानं ठेवलेलं नाही. राजपत्र हातात आल्यावर त्यांना कळण्यापेक्षा अर्ज करण्याआधी समोर बसून सांगा. परवानगी मागायला नको, फक्त कानावर घाला.

भावानं दिलेल्या कागदाचा फोटो काढून मला पाठवा. तोवर दहिवडीला जाऊ नका, आणि सातबाऱ्याचा ताजा उतारा आजच काढून ठेवा.